रंग न दिलेली जागा

त्या नकाशात टेकडीला मी रंगच दिला नव्हता.

ही गोष्ट १९८६ सालची. डिप्लोमा करून मी नुकतीच एका नगररचना सल्लागारांकडे नकाशे काढण्याच्या कामावर लागले होते. एका लहान शहराच्या विकास आराखड्याचे काम आले होते आणि त्याची पहिली पायरी म्हणजे आज कुठे काय आहे याचा नकाशा. सर्व्हेची मुले दिवसभर गल्लोगल्ली फिरून वह्या भरून आणायची आणि आम्ही तिघे त्या वह्या पुढ्यात घेऊन अमोनिया प्रिंटवर रंग भरत बसायचो. राहत्या घरांना पिवळा, कारखान्यांना जांभळा, बागा-मैदानांना हिरवा. शहराच्या उत्तरेला एक बुटकी, लांबट टेकडी होती. वहीत तिच्या सर्व्हे नंबरांपुढे एकच शब्द लिहिलेला: रिकामी. आमच्या हेड ड्राफ्ट्समनना सगळे अण्णा म्हणायचे. मी विचारले, "अण्णा, हिला कोणता?" त्यांनी मान वर न करता सांगितले, "रिकामीला रंग नसतो गं. पांढरी सोड."

मी सोडली. समोच्च रेषा मात्र तपकिरी शाईने इतक्या नेटक्या काढल्या की अण्णांनी ती शीट उचलून सगळ्यांना दाखवली. दीडेक वर्षाने त्याच शहराच्या प्रस्तावित आराखड्याची शीट माझ्या टेबलावर आली. टेकडीच्या उतारावर पिवळा चढला होता, मधून एक रुंद रस्ता गेला होता, माथ्यावर पाण्याची टाकी आणि टाकीभोवती बागेचा हिरवा चौकोन. यात कुणी लबाडी केली नव्हती. आराखडा करणाऱ्यांसमोर मी रंगवलेला नकाशा होता, त्यात एवढा मोठा पांढरा तुकडा दिसत होता आणि वाढत्या शहराला जागा हवी होती. त्या टेकडीवर मी तोवर कधी गेले नव्हते आणि पुढेही गेले नाही. पण टेकड्या वाचवण्याचा विषय निघाला की आजही माझ्या डोळ्यांपुढे पहिली येते ती ती शीट.

लग्न होऊन मी पुण्यात कोथरूडला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासरे म्हणाले, "चल, तुला वेताळबाबाच्या पायावर घालून आणतो." आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. पहाटे साडेपाचला घर सोडायचे आणि सातच्या आत परत यायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. वेताळ टेकडी ही शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. तिच्या सोंडा लॉ कॉलेज, चतुःशृंगी, गोखलेनगर, पाषाण, पंचवटी, कोथरूड अशा चहूकडे उतरतात आणि ज्याला ज्या बाजूने चढायची सवय, तो तिला त्या नावाने ओळखतो. कुणाची ती एआरएआयची (तिथल्या वाहन-संशोधन संस्थेची) टेकडी, कुणाची लॉ कॉलेजची. अप्पांच्या मागून चढता चढता मला वाटायचे की मी एखाद्या ओसाड माळावर चालले आहे. दिवस वैशाखाचे होते. कुसळी वाळून पिवळीतांबूस झालेली, मोई आणि सालई यांच्या अंगावर एक पान नाही, पायाखाली मुरूम करकरतोय. मी मनात म्हटले, रिकामी.

मग मृग लागला.

पहिला चांगला पाऊस पडून गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच मुरमातून काळ्या मुसळीची पिवळी चांदणी जमिनीला चिकटून उघडते. पाठोपाठ पांढऱ्या मुसळीचे तुरे येतात. लाल मखमली मृगकिडे थोडे दिवस दिसतात आणि वर्षभरासाठी नाहीसे होतात. झाडोऱ्यातून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. हा पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी येतो. तो दिसतो फार कमी, पण त्याची शीळ ऐकली की अप्पा काठी टेकून उभे राहायचे आणि मी बोलत असले तर हाताने गप्प करायचे. श्रावणात कळलावी आपल्या पानांच्या टोकांनी काटेरी झुडपाला धरत वर चढते. भाद्रपदात गवत गुडघ्याच्या वर जाते. आश्विनात कुसळी पिकते आणि तिची कुसळे साडीच्या काठात नि पायमोज्यात शिरतात. या कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो पीळ उलगडतो, सुकले की पुन्हा वळतो, आणि असे करत करत ते बी स्वतःला जमिनीत रुतवून घेते. घरी आल्यावर पायरीवर बसून एकेक कुसळ काढताना अप्पांनी मला हे दाखवले होते, ओल्या बोटाने. फाल्गुनात अंगावर एकही पान नसलेला गणेर वाटीएवढ्या पिवळ्या फुलांनी भरतो. मेडशिंगीला शिंगांसारख्या वाकड्या शेंगा लोंबतात.

एवढे सगळे ज्या जमिनीवर चालते, तिच्यात मातीचा थर कुठे वीतभर तर कुठे बोटभर. खाली सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ. इथे आंबा-फणस होणार नाहीत आणि व्हायला नकोत. वर्षाला सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने कोरडे, अशा जागी काय जगते याचे उत्तर ही टेकडी फार जुन्या काळापासून देत आली आहे. ते उत्तर आहे विरळ, बुटकी, पानगळीची झाडे आणि मध्ये भरपूर गवत.

हे मला कळायच्या आधी मी आणखी एक चूक केली, आणि ती नकाशावरच्या चुकीपेक्षा जास्त मनापासून केली. नव्वदच्या सुमारास आमच्या भागातल्या लोकांनी टेकडी हिरवी करायची मोहीम घेतली. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले होते, कारण ते पटकन वाढते, गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, तोडले तरी पुन्हा फुटते. आम्हीही रोपे आणली. पहार, घमेले, मुलांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. माथ्याजवळच्या मोकळ्या गवतात आम्ही रांगेने खड्डे घेतले. सहा वर्षांच्या माझ्या भाचीने पहिले रोप लावले त्याचा फोटो अजून अल्बममध्ये आहे. रोपे जगली, आम्ही पेढे वाटले. पुढच्या पाच-सात वर्षांत तिथे गिरिपुष्पाची दाट सावली झाली. त्या सावलीत कुसळी राहिली नाही, मुसळी उगवायची थांबली. चंडोल पूर्वी तिथून गात सरळ वर जायचा, तो दुसरीकडे गेला. गवतावर राहणाऱ्या पक्ष्याला झाड लावून घर देता येत नाही. कागदावर मी जी जागा पांढरी सोडली होती, तशीच जागा इथे मी उघडी समजून झाकायला गेले होते. दोन्ही वेळा तिथे आधीपासून काय आहे हे मी विचारलेच नव्हते.

आपल्या कागदपत्रांत या जागांसाठी जे शब्द आहेत ते एकदा मोठ्याने वाचून पाहावेत. सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीला 'पोटखराब' म्हणतात. खडक, चढ, गवत, ओढ्याची कड, सगळे पोटखराब. सरकारी नोंदीत 'पडीक' हा दुसरा शब्द. आराखड्याच्या भाषेत 'रिकामी जागा', 'मोकळी जागा', आणि नियमावलीत 'ना-विकास विभाग'. यातला प्रत्येक शब्द सांगतो की तिथे काय होत नाही. तिथे काय होते ते सांगणारा शब्द कागदावर नाही, गुराख्यांच्या आणि माळावर वावरणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र आहेत: माळ, खळगा, घळ, झरा, डबके, सोंड.

पुण्याच्या बाबतीत न्यायाने बोलायचे तर या शहराने टेकड्यांचा विचार इतरांच्या आधी केला. १९८७ च्या विकास आराखड्यात डोंगरमाथा आणि डोंगरउतार हा वेगळा विभाग राखला गेला आणि १:५ पेक्षा तीव्र चढावर बांधकाम नको हा नियम शहराला ठाऊक झाला. पाच मीटर पुढे जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढलात की तिथे घर बांधायचे नाही, इतका तो सोपा. पुढे १९९७ साली भोवतालची गावे महापालिकेत घेतली गेली आणि त्यातली काही वगळून २३ उरली. बाणेर, वारजे, बावधन, कात्रज, कोंढवा या बाजूंच्या टेकड्या त्यांच्याबरोबर हद्दीत आल्या. या २३ गावांच्या आराखड्यात माथे आणि उतार मिळून ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखीव ठेवण्याचा प्रस्ताव आला. पुण्यात सगळे त्याला इंग्रजी नावाच्या अद्याक्षरांवरून 'बीडीपी' म्हणतात. महापौर राहिलेल्या आणि पुढे राज्यसभेत गेलेल्या वंदना चव्हाण यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. अनेक नागरिक, वास्तुरचनाकार, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्यांच्याबरोबर होते. टेकडीवर चार टक्के बांधकामाला परवानगी द्यावी असाही सूर मध्ये होता. शेवटी २०१५ साली राज्य सरकारने हे आरक्षण कायम केले आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून आठ टक्के हरित टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायचे ठरवले. त्या दिवशी आम्ही टेकडीवर गूळ-शेंगदाणे वाटले.

दुसऱ्या वर्षी वारज्याच्या बाजूने चढताना मला तात्या भेटले. सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला पटका, हिवराखाली बसून दोन म्हशींवर नजर ठेवून. मी उत्साहाने म्हटले, "तात्या, आता ही टेकडी कायमची वाचली."

"कुणाची टेकडी, ताई?"

मी गप्प झाले. ते म्हणाले, "आमच्या आज्ज्याच्या नावावर हाय ही. दोन एकर वर, दीड खाली. खालची रस्त्यात गेली. वरची तुम्ही हिरवी केली. तुम्ही सकाळच्याला फिरायला येता, आम्ही सातबारा घेऊन फिरतो."

मी घरी येऊन हिशेब मांडला. आठ टक्के म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या एकरामागे तीन-सव्वातीन गुंठ्यांएवढा बांधकामाचा हक्क, तोही दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. बागेच्या वा शाळेच्या आरक्षणात गेलेल्या जमिनीला मिळणारा टीडीआर याच्या कितीतरी पट. तात्यांच्या शेजारच्याने कुणाला तरी गुंठ्या-गुंठ्याने उतार विकला. रात्रीत पत्र्याचे कुंपण पडले, सहा महिन्यांत दोन खोल्या उठल्या. ज्याने आरक्षण पाळले तो तोट्यात राहिला आणि ज्याने मोडले त्याच्या हाती रोख रक्कम आली. संवर्धनाचा आराखडा करताना या माणसाचा विचार शेवटच्या पानावर टाकून चालत नाही. मला इथे एक बाजू घेऊन मोकळे होता येत नाही: टेकडीवर बांधकाम नको हे मी शंभर वेळा म्हणेन, आणि तात्यांना रास्त मोबदला वेळेत मिळालाच पाहिजे हेही तितक्याच वेळा म्हणेन.

वेळेत हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कायद्याने आरक्षणाला घड्याळ लावले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मालकाच्या दृष्टीने यात काही गैर नाही. आयुष्यभर त्याची जमीन अडकवून ठेवता येणार नाही. म्हणून नकाशावर हिरवा रंग भरणे ही सुरुवात असते. त्यासाठी अंदाजपत्रकात दर वर्षी पैसा लागतो, मोजणी लागते, हद्दीचे दगड लागतात, उन्हाळ्यात वणवा विझवायला माणसे लागतात. अलीकडे राज्य सरकारने डोंगरमाथा-डोंगरउतार आणि बीडीपी या दोन्ही क्षेत्रांबद्दल फेरविचारासाठी अभ्यासगटही नेमला. म्हणजे १९८७ मध्ये पडलेला प्रश्न अजून टेबलावर आहे.

टेकडीचे काय होते ते खाली शहरात कळते, आणि पाणी ते सगळ्यांत आधी सांगते. विहीर खणणारे जुने लोक आपल्या खडकात दोन जाती करतात: घट्ट काळा कातळ आणि मांजऱ्या. मांजऱ्या सच्छिद्र, त्यात पाणी मुरते आणि कडेकडेने वाहत खाली कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पेशव्यांना हे पक्के माहीत होते. नानासाहेबांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरातले पाणी तलावात अडवून जमिनीखालच्या दगडी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत आणले गेले. नळात हवा कोंडू नये म्हणून वाटेत बांधलेल्या दगडी मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणतात. पाण्याच्या वाटेला श्वास लागतो हे ज्यांनी ओळखले त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पुण्याचे पहिले पाणी-नियोजन त्या डोंगरावर उभे होते.

त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ६ जून २०१३ रोजी काय झाले ते पुणेकर विसरले नसतील. शिंदेवाडीजवळ डोंगर फोडून सपाट केला होता, नैसर्गिक नाला बुजवला होता. वळवाचा जोरदार पाऊस आला आणि पाण्याचा लोंढा थेट सातारा रस्त्यावर उतरला. त्यात एक आई आणि तिची चिमुकली मुलगी वाहून गेल्या. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडूनच येणारा आंबिल ओढा शहराच्या दक्षिण भागातून फुटून वाहिला. त्या रात्रीच्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी मी अरण्येश्वरच्या बाजूला एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या जमिनीलगतच्या खोलीत भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची आडवी रेघ होती, पट्टीने ओढावी इतकी सरळ. मी जन्मभर रेघा ओढल्या. ती रेघ पाहून माझे पाय थरथरले.

माझ्या टेकडीवरही रस्ता येणार हे आराखड्यात खूप आधीपासून लिहिलेले होते. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत, लॉ कॉलेजच्या टेकडीच्या अंगावरून जाणारा दोन किलोमीटरचा रस्ता, आणि पंचवटीकडून कोथरूड व सेनापती बापट रस्त्याच्या बाजूंना जाणारे बोगदे. २०२३ च्या एप्रिलमध्ये या प्रकल्पांविरुद्ध वेताळ टेकडीसाठी हजारो माणसे रस्त्यावर उतरली. मीही होते. लहान मुले खांद्यांवर, आजोबा काठी टेकत, कुणाच्या हातात गणेराच्या फुलाचे चित्र. लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाची घुसमट मला समजते, माझा मुलगा रोज त्यात अडकतो. पण टेकडीच्या पोटातून रस्ता नेला की तिथल्या खडकातल्या पाण्याची वाट तुटते, आणि ती पुन्हा जोडता येत नाही. रस्त्याला पर्याय शोधता येतात: बस वाढवता येते, मेट्रो जोडता येते. टेकडीला पर्यायी टेकडी देता येत नाही.

त्या मोर्च्यानंतर मी माझी जुनी फाइल काढली. २०१३ मध्ये जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा आला तेव्हा पुणेकरांनी ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना दिल्या होत्या. त्यातली एक माझी. तिची प्रत जपून ठेवलेली होती. दोन पाने, सुवाच्य अक्षर. मी वाचत गेले आणि मला वाईट वाटले. दोन पानांत 'नको' हा शब्द अकरा वेळा होता. रस्ता नको, बांधकाम नको, दिवे नकोत. तिथे काय आहे, कुठे आहे, किती आहे, कोणत्या महिन्यात आहे, याची एक ओळ नव्हती. रोज चढणाऱ्या, नकाशे काढण्यात हयात घालवलेल्या बाईने सुद्धा त्या जागेला रंग दिला नव्हता.

आराखड्याचे काम जवळून पाहिलेल्या माणसाला हे ठाऊक असते की लढाई लोक समजतात तिथे सुरू होत नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रात नकाशे येतात, आपण हरकती लिहितो. ते त्याच नगररचना अधिनियमातले कलम २६ आणि पुढचे टप्पे. त्याच्या आधी कलम २५ आहे: क्षेत्राची पाहणी आणि विद्यमान भूवापराचा नकाशा. तिथे सर्व्हेच्या वहीत जो शब्द लिहिला जातो, तोच शब्द शीटवर येतो, आणि पुढची वीस वर्षे सगळे त्या शीटवर उभे राहते. तिथे 'रिकामी' लिहिले गेले की नंतर कितीही आरक्षण टाका, ती जमीन काहीतरी होण्याची वाट पाहणारीच राहते. तिथे जर 'गवताळ माळ, चितुरांची वीण. बारमाही झरा एक, हंगामी ओहोळ चार. मेडशिंगी, सालई, गणेर' असे लिहिले असते तर? मग रस्त्याची रेघ ओढणाऱ्याला ती एखाद्या वापरात असलेल्या जागेवरून ओढावी लागली असती, जशी ती शाळेवरून किंवा दवाखान्यावरून ओढताना हात थबकतो.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे आणि या समितीने लोकांना बरोबर घेऊन लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना गावोगावी रुजवण्यासाठी खूप झटून काम केले. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे रक्षण हे शहरांच्या कामांत लिहिलेलेच आहे. माझे म्हणणे इतकेच की ही नोंदवही आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर कलम २५ च्या दिवशी उघडलेली हवी. नोंदवही जैवविविधतेच्या कपाटात आणि आराखडा नगररचनेच्या कपाटात, अशी त्यांची ताटातूट होऊ नये. वेळही आहे. २०२१ साली पुणे महापालिकेत पुन्हा २३ गावे आली, योगायोगाने आकडा तोच, आणि शहराचे क्षेत्र ५१६ चौरस किलोमीटरच्या घरात गेले. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, खडकवासला. या गावांच्या माथ्या-उतारांना कोणता शब्द मिळणार, हे आत्ता ठरते आहे.

म्हणून गेल्या तीन पावसाळ्यांपासून आम्ही सातजणी आणि कॉलेजची चार मुले दर रविवारी वही घेऊन जातो. सगळी टेकडी घेतली नाही. एकच ओहोळ घेतला, माथ्यापासून खालच्या वस्तीपर्यंत. मी १:५०० चा तळनकाशा काढला, हाताने. मुले मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपतात, मी पेनाने खूण करते. आधी आम्ही फक्त झाडे मोजत होतो, कारण झाड मोजायला सोपे. मग गवताकडे वळलो आणि अडलो. आमच्यापैकी कुणालाच कुसळीपलीकडे गवतांची नावे येत नव्हती.

तेव्हा मला तात्या आठवले. फोन नव्हता, हिवर माहीत होता. दोन रविवार रिकामे गेले, तिसऱ्याला ते भेटले. आता म्हशी नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणाले, तरी आले. काठीने दाखवत गेले. "ही पवना. दूध वाढतं हिच्यानं. ही कुसळी, कोवळी हाय तवर गुरं खातात, मग न्हाई. हितं पूर्वी मारवेल दाट व्हतं." मुलगा लिहून घेत होता आणि तात्या प्रत्येक नावानंतर थांबून त्याने बरोबर लिहिले का ते वाचून दाखवायला सांगत होते. एका खडकापाशी ते बसले. खडकाखाली ओलसर काळपट माती होती, आम्ही तिच्यावरून कितीदा तरी गेलो असू.

"हितं पानी असतं दिवाळीपातूर. दुष्काळ पडला व्हता तवा आमच्या आईनं ह्या झऱ्याचं पानी वाटीवाटीनं भरून नेलंय."

तो दुष्काळ बाहत्तरचा. मी नकाशा मांडीवर घेतला, गट नंबर लिहिला आणि निळ्या पेनाने ठिपका दिला.

तात्या वाकून बघत होते. म्हणाले, "येवढा बारका नको, ताई. मोटा काढा."

मी तो मोठा केला. त्याच्याभोवती गोल काढला, त्यातून ओहोळापर्यंत निळी रेघ ओढली आणि तात्यांच्या आईचे नाव विचारून शेजारी लिहिले.